समोरच्या दाताची कॅप

४ फेब्रुवारी, मंगळवार

मोडली! आईची कॅप मोडली. मी केलेली. माझ्या ब्रशनं थर चढवलेली, माझ्या भट्टीतून काढलेली.

सकाळीच फोन. "अगं धाकटे, तुझ्या दाताचा टवका उडाला बघ." माझ्या दाताचा म्हणे! तोंड तिचं, दात तिचा, पण मोडला की तो माझा.

दातांच्या लॅबमधून अर्धी रजा टाकली आणि तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घातला. टोकाचं पोर्सिलेन उडालंय, आतला झिर्कोनिया शाबूत आहे, म्हणाल्या. मग आईला— "आजी, काय कडक खाल्लंत?"

"काय खाणार बाळ? पाव चहात बुडवून खाते. तोसुद्धा मागच्या दातांनी."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला कळतं ते बघणं. कॅप मोडली की डॉक्टर लॅबकडे बघतात, लॅब डॉक्टरकडे बघते आणि दोघं मिळून पेशंटकडे बघतात. आज पेशंट माझीच आई, तर मी कोणाकडे बघू?

आत झिर्कोनियाची टोपी असते. ती कुणाच्या बापाला भीत नाही. तिच्यावर पोर्सिलेनचे पातळ थर— रंगासाठी, दाताची ती जिवंत झाक यावी म्हणून. हे थर ठिसूळ असतात, मान्य. आतल्या टोपीच्या मानानं फारच ठिसूळ. पण माझे थर लोकांच्या तोंडात वर्षानुवर्षं टिकलेत. लोक त्यांनी बाटल्यांची झाकणं उघडतात, आणि चहातल्या पावानं माझी कॅप मोडते?

नवी करायची ठरलं. माप घेतलं. ती तयार होईपर्यंत मोडकीच राहील तोंडात, धार नाही तिला.

पण का मोडली? डोकं चालत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

दादाचा फोन. आईच्या तोंडातली बातमी त्याच्या शहरात पोचायला वेळ लागत नाही.

"पडली असेल ती."

तेच पालुपद! समोरचा दात उगाच मोडतो का, पडली असेल, सांगत नसेल, आता आण तिला माझ्याकडे. मी म्हटलं, अरे ओठ फुटला नाही, नाक खरचटलं नाही, एकटा दातच पडायला गेला होता का? मग एकदम— "जिन्यात दिवा आहे ना नीट?" कुठलं कुठे!

वर्ष झालं, हेच ऐकतेय. आईनं खोली सोडावी, शिलाईचं मशिन विकावं आणि याच्या चौथ्या मजल्यावर जाऊन खिडकीशी बसावं. का? तर "वय झालं." वय काय तिचं एकटीचंच होतंय? बरं, नीट कारण विचारावं तर तोंडात गुळणी धरून बसतो. मोठा ना तो! मोठ्यांनी ठरवायचं, आम्ही मान डोलवायची.

मी सगळ्यांना सांगते, आई ठणठणीत आहे. वहिनीला सांगितलं, मावशीला सांगितलं, लॅबमध्ये तर सगळ्यांना पाठ झालंय. बाबा गेल्यावर एका मशिनवर दोघांना वाढवलं तिनं. अजून काम करते. मशिन कमी केलंय, आवाज डोक्यात जातो म्हणते, पण काज-बटणं, पडद्यांची तुरपाई हातानं चालूच आहे. खंबीर बाई आहे ती.

शेवटी दादाशी तह झालाय. हे वर्ष ती तिच्या खोलीत राहील, जबाबदारी माझी. काही झालं, तर मात्र त्याचं ऐकायचं. मीच शब्द दिलाय.

आता कॅप मोडणं म्हणजे 'काही होणं' का? मुळीच नाही! मोडली ती कॅप. आई नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज नव्या कॅपचे थर लावले. मालक मागे येऊन उभे राहिले. "बाई, घरच्या माणसाचं काम करू नये. हात थरथरतो."

"माझा नाही थरथरत."

"हाताला कुठं कळतं कधी थरथरला ते?"

गेले निघून आपले. मी मात्र ब्रश धरून हाताकडे बघत बसले. थरथरतोय की नाही तेच कळेना. एखाद्या गोष्टीकडे फार वेळ बघितलं की ती हलायलाच लागते.

पहिलवान आमच्याकडे प्लास्टर ओततो, जबड्यांचे साचे करतो. फुंकर मारली तर उडेल असा आहे म्हणून पहिलवान. त्यानं आईचा वरचा आणि खालचा साचा एकमेकांवर बसवून दाखवला. समोरचे दात जेमतेम टेकतात. मध्ये रंगाचा कागद धरला तर अलगद सुटून येतो. म्हणजे खालच्या दाताचा मारही नाही. "ताई, आई रागानं दातओठ खातात का?" म्हणाला. मी म्हटलं, तिच्या जागी मी असते तर तुझ्यावर खाल्ले असते.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. भट्टीतून काढताना घाई केली की पोर्सिलेनमध्ये ताण राहून जातो. वरून काही दिसत नाही. कॅप चकचकीत, सुरेख. आणि कधीतरी बसल्या जागी टवका उडतो. पहिली कॅप काढताना मी घाई केली होती का? आठवतच नाही. आठवत नाही म्हणजे केली असेल? की केली नसेल म्हणून आठवत नाही?

या वेळी भट्टी थंड होईपर्यंत समोर बसून राहिले. दूध उतू जाऊ नये म्हणून बसतात तशी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बसली नवी. सुंदर दिसते! डॉक्टरीणबाई पण "वा" म्हणाल्या. आईनं आरसा हातात घेतला, जरा लांब धरला, जवळ धरला. "अगदी माझ्यासारखा झालाय." मला इतका आनंद झाला की परत येताना मीच तिला सारखं हसायला लावत होते. "पुरे गं," म्हणाली, "लोक म्हणतील म्हातारीला काय झालं."

जुनीचे तुकडे पुडीत घालून आणलेत. भिंगाखाली बघायचे आहेत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

टवका टोकाच्या एकाच कोपऱ्यातून सुरू झालाय. एका बिंदूतून. तिथून शिंपल्यावर असतात तशा रेषा पसरत गेल्यात. काहीतरी बारीक, कडक, त्या एकाच जागी लागलंय— असं वाटतं खरं. पण भट्टीतल्या ताणानंही असं होऊ शकतं. मालकांना दाखवलं. ते म्हणाले, असंही असेल, तसंही असेल. मोठी मदत झाली!

मग सरळ हिशेब करून टाकू म्हटलं. त्याच पावडरीची, तशीच, एक जास्तीची कॅप केली होती. पहिलवानाला म्हटलं, लाव पकडीत आणि आवळ. तो आवळतोय, आवळतोय— काही नाही. आणखी आवळली. त्याच्या मानेच्या शिरा मोजून घ्याव्यात अशा वर आल्या, तरी काही नाही. मग फाट्‌दिशी! तुकडा उडाला तो थेट मालकांच्या चहात.

मालकांनी कपात बोट घालून तुकडा काढला, उजेडात धरला आणि म्हणाले, "रंग छान जमलाय."

हसून हसून पोट दुखलं. घरी येईस्तोवर हसू गेलं. एवढा दाब आईच्या जबड्यात असेल तर तिनं शिलाई सोडून सर्कशीत जावं. म्हणजे कॅप पक्की होती. मग मोडली कशी? आणि दादा म्हणतो ते खरं असेल तर?

नाही नाही. आई पडली असती तर मला सांगितलं असतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आईकडे जाऊन आले. दात जागेवर आहे. मनगटावर बारीक लाल ठिपके दिसले, मी विचारलं तर "डास" म्हणाली. खोलीत डास तर एकही नव्हता. खिडकीला जाळी लावून घ्यायला हवी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

परत!!

त्याच जागी. त्याच कोपऱ्यात. मी भट्टीसमोर पुतळ्यासारखी बसून काढलेली कॅप, आणि पंधरवडाही नाही टिकली. या वेळी धारदार तुटलीय, जिभेला लागतेय. डॉक्टरीणबाईंनी कापून काढली.

आज आई स्वतःहून बोलत होती. न विचारता. झोपेत दात घासत असेन बाळ, वय झालं ना. डॉक्टरीणबाईंनी एकेक दात बघितला. घासल्याच्या खुणा नाहीत, म्हणाल्या. मग आई म्हणाली, तर मग पाण्याचा पेला लागला असेल. मग म्हणाली, जाऊ दे, बिनदातांची राहते, आता कुठं मला नटायचंय!

'वय झालं'— हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. ते दादाचं वाक्य आहे. तिचं नाही.

मी हट्टच धरला. या वेळी थर-बिर काही नको, अख्खी झिर्कोनियाची करते. एकसंध. रंग जरा मठ्ठ येईल पण बापजन्मात मोडणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "करा ताई. पण जोर कुठून येतोय ते कळल्याशिवाय? वरचा हटला नाही की खालच्याला सोसावं लागतं. कॅप राहील आणि आजींचा खालचा स्वतःचा दात जाईल. चालेल?"

नाही चालणार. पण मग करू काय? स्वतः मोडणारं करू की दुसऱ्याला मोडणारं करू? एवढी वर्षं मी 'मजबूत' हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारत असेन, आणि आज त्याचा अर्थच कळेनासा झालाय.

तोवर तात्पुरती म्हणून प्लास्टिकची कॅप बसवलीय. नखानं ओरखडा उठेल अशी मऊ.

२३ फेब्रुवारी, रविवार

दादाला फोन मीच केला. त्याला दुसरीकडून कळायच्या आधी.

म्हटलं, माझीच चूक. भट्टी बिघडली होती, दोन्ही वेळा. आईचा काही संबंध नाही.

"नक्की?"

"नक्की."

मला वाटलं आता चिडेल. चिडला नाही. "बरं," म्हणाला. "तू जेवलीस का?" हे काय विचारणं!

खोटं बोलले. मालकांच्या कानावर गेलं तर माझी खैर नाही, भट्टीला ते पोरीसारखी जपतात. पण दुसरं काय सांगणार होते? आईची खोली जाईल. मशिन जाईल. आता मी मनापासून देवाला सांगतेय की माझी चूक निघू दे! अठरा वर्षं कामात चूक निघाली की जिला अन्न जायचं नाही, ती मी. चूक माझी असेल तर आई ठीक. काम माझं चोख असेल तर आईचं काहीतरी बिनसलंय. मला नेमकं काय हवंय? दोन्ही हवंय. चोख कामही आणि ठणठणीत आईही.

पण मग कॅप मोडली का?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

एकसंध कॅप झाली. दगड आहे दगड. डबीत वाजते.

४ मार्च, मंगळवार

आज बसवायची होती. बसवली नाही.

डॉक्टरीणबाईंनी प्लास्टिकची काढून ट्रेमध्ये ठेवली. मी सहज उचलली. हाताला सवय असते, काढलेली कॅप उलटी-पालटी करून बघायची. टोकाला चर होती. पुढून मागे गेलेली, बारीक, तळाशी गोल. तिच्या शेजारी आणखी एक. तिसरी पुसट. सगळ्या त्याच कोपऱ्यात, जिथून माझ्या दोन्ही कॅपा गेल्या.

पोर्सिलेन मोडतं आणि मोडलं की संपलं, काय लागलं ते सांगत नाही. हे मऊ प्लास्टिक मोडलं नाही. दबलं. जे काही तिथं दाबलं गेलं त्याचा ठसा घेऊन बसलं.

"आज नको बसवायला," मी म्हटलं.

"का गं? झालीय ना तयार?" आई म्हणाली.

"रंग पटत नाही."

"मला पटतोय की!" कॅप अजून डबीतच होती. तिनं बघितलीही नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी तोंड वाकडं करत दुसरी प्लास्टिकची बसवली. मी जुनी रुमालात बांधून आणली. आईला रिक्षात बसवलं, तेव्हा विचारणार होते, आई, तू तोंडात काय धरतेस? विचारलं नाही. काय उत्तर येईल ते माहीत नव्हतं म्हणून की माहीत होतं म्हणून, देव जाणे.

५ मार्च, बुधवार

आज लॅबमध्ये नुसता धिंगाणा. प्लास्टिकची कॅप मध्ये ठेवली आणि जे हाताला लागेल ते त्या चरीत बसवून बघायचं. काडेपेटीची काडी— जाड. केसांची पिन— चपटी. मालकांनी स्वतःची दात कोरायची काडी दिली, मी चिमट्यानं धरली, तीही जाड. पहिलवानानं तार आणली, ती आणखी जाड. "आई चोरून कुलपं उघडत असतील," म्हणाला.

मग मला पर्समधली सुई आठवली. आईनंच ठेवायला लावलीय, बटण तुटलं तर असावी म्हणून. चरीत ठेवली.

बसली. घट्ट. हलेना.

मालक म्हणाले, "अहो, शिंपीणबाई ना त्या? धरत असतील सुई दातात. सगळेच धरतात. सुटलं कोडं!" आणि गेले भट्टीकडे.

सुटलं? मालकांना माझी आई माहीत नाही! तिच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींच्या तोंडात सुई दिसली की पाठीत धपाटा बसायचा. "गिळलीस तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?" मी स्वतः दोनदा खाल्लाय तो धपाटा. तिची सुई एक तर कापडात नाहीतर मनगटावर बांधलेल्या सुयांच्या गादीत. उभ्या जन्मात मी तिला तोंडात सुई धरताना पाहिलेलं नाही.

आणि आता या वयात धरते? आणि आमच्यापासून लपवते? पेला काय, झोपेत घासणं काय— आई खोटं बोलली! माझी आई! एका सुईसाठी!

राग आलाय. आणि रागाच्या खाली दुसरंच काहीतरी आहे, त्याला नाव देता येत नाही.

६ मार्च, गुरुवार

उद्या जाते. न सांगता.

७ मार्च, शुक्रवार

भर दुपारी गेले. दार उघडंच असतं, गिऱ्हाइकांसाठी. आई खिडकीशी स्टुलावर. मांडीवर निळा पडदा. ऊन सगळं खोलीत आलेलं. मी आत जाऊन मशिनपाशी उभी राहिले, तिच्या उजव्या हाताला. दोन पावलांवर.

तिनं वर बघितलं नाही.

सुई होती दातांत. ओठ मागे ओढून, अगदी त्या कोपऱ्यात, गच्च धरलेली. आणि हात टेबलावर दोरा शोधत होता. पीठ पसरल्यासारखा तळवा फिरत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे. रीळ तिथेच होतं. पांढऱ्या टेबलावर निळंशार रीळ! तिचा हात त्याच्या शेजारून गेला. परत गेला.

मला ओरडायचं होतं. त्यासाठीच आले होते ना! मी त्या हाताकडेच बघत राहिले.

मग तिला काहीतरी जाणवलं. "कोण?" सुई दातात ठेवूनच. "गिऱ्हाईक असाल तर जरा पुढे या हो. बाजूचं नाही मला—"

"आई, मी."

सुई पडली. आम्ही दोघी खाली बसलो शोधायला. ती स्टुलाच्या डावीकडे चाचपत होती. सुई उजवीकडे, तिच्या पायाशी, उन्हात चमकत होती. मी उचलली. तिनं हात पुढे केला, मी दिली नाही.

"खाली ठेवली की सापडत नाही गं," म्हणाली. "गादीत टोचायला जावं तर मनगटात घुसते. अंदाजच राहिला नाही. म्हणून धरते आपली दातात. निदान कुठं आहे ते कळतं."

डास! मी तिला जाळी लावून देणार होते!

विचारलं तसं सांगत गेली. उजवा डोळा असून नसल्यासारखा. डाव्यानं समोरचं दिसतं, तेही नळीतून बघावं तसं. मशिनवर टीप वाकडी जाते, म्हणून मशिन सोडलं. आवाज-बिवाज काही नाही. पडदे चालतात, कारण सरळ रेघ बोटांना कळते. हे सगळं असं सांगत होती जसं कुणाच्या तरी अंगाचं माप सांगतेय. मीच रडले. ती नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"चहा ठेवू?"

"आई!"

उठली. चहाचं आधण ठेवलं. बर्नर पेटवताना काडी धरलेला हात कसा जपून गेला ते आज मी पहिल्यांदा बघितलं. किती वेळा या खोलीत बसून मी तिच्या हातचा चहा प्यायलेय! दाताची झाक मला खोलीच्या पलीकडून ओळखू येते, आणि समोर बसलेल्या आईचे डोळे मला दिसले नाहीत.

निघताना म्हटलं, दादाला काय सांगायचं ते मी बघते. मला वाटलं म्हणेल, नको गं सांगूस. हात धरेल. तर म्हणाली, "सांग त्याला. सांग बाई एकदाची. त्याच्याही जिवाला बरं वाटेल."

बरं कसं वाटेल? आई आंधळी होत चाललीय हे ऐकून त्याला बरं वाटेल? असं काय बोलली ती? त्याचंच खरं झालं म्हणून त्याला बरं वाटेल, असं म्हणायचं होतं का तिला?

८ मार्च, शनिवार

फोन हातात घेतला, ठेवला. परत घेतला, ठेवला. 'काही झालं तर त्याचं ऐकायचं.' झालंय. आता खोली जाणार, मशिन जाणार, आणि नेणार कोण, तर मी. आईनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवून वर्ष काढलं असेल आणि मीच तिला हातानं धरून त्याच्या गाडीत बसवायची.

निदान कॅप माझी पक्की होती— असा एक विचार मनात येऊन गेला. इतकी लाज वाटली!

९ मार्च, रविवार

केला दादाला फोन. एका दमात सगळं सांगितलं. भट्टीचं खोटं होतं, सुई, डोळे, मनगट, सगळं. म्हटलं, तू बरोबर होतास, मी चूक होते, ये आणि घेऊन जा तिला. काचबिंदू असेल बहुतेक, चांगल्या डॉक्टरला दाखव.

माझं संपल्यावर तो म्हणाला, "काचबिंदूच आहे. मागच्या वर्षी माझ्याकडे राहायला आली होती ना, तेव्हाच कळलं. थेंब मीच पाठवतो दर महिन्याला."

मी ओरडलेच. मग मला का नाही सांगितलंस? वर्षभर मी तुझ्याशी भांडतेय!

"आईनं शपथ घातली होती गं. म्हणाली, मला आंधळी म्हण, मला घेऊन जा, काय वाट्टेल ते कर— पण धाकटीला सांगू नकोस. मोडून पडेल ती."